बेर्नडॉर्फच्या कारखानदाराचे देणे

व्हिएन्नाच्या नैऋत्येला, ट्रीस्टिंग नदीच्या खोऱ्यात बेर्नडॉर्फ नावाचे एक लहान शहर आहे. तेथे घुमटाच्या एका चर्चच्या दोन बाजूंना शाळेच्या दोन इमारती उभ्या आहेत, एक मूळची मुलांची आणि दुसरी मुलींची. दोन्ही मिळून बारा वर्ग असे आहेत की प्रत्येक वर्ग इतिहासातील एकेका शैलीत सजवलेला आहे. एका वर्गात इजिप्तच्या मंदिरासारखे खांब आहेत, दुसऱ्यात पाँपेईच्या भिंतींवरची रंगसंगती आहे, पुढे मूरिश कमानी, मग गॉथिक, रेनेसाँ, बरोक, रोकोको. 1909 च्या सुमारास या वर्गांत जी मुले बसू लागली ती बहुतेक गिरणी-कारखान्यातील कामगारांची होती, आणि वर्गांची कल्पना व खर्च ज्याचा, तो आर्थर क्रुप हा त्यांच्या आईबापांचा मालक होता. त्याचा कारखाना चमचे, काटे आणि सुऱ्या बनवी. मिश्रधातूचे चमचे घडवायचे आणि विजेच्या साहाय्याने त्यांवर चांदी चढवायची, हा तो व्यवसाय.

या वर्गांविषयी दोन मते ऐकू येतात. पहिल्या मताने क्रुप हा दूरदृष्टीचा दाता ठरतो, ज्याने मजुराच्या पोराला सम्राटाच्या महालात शोभावी अशी खोली दिली. दुसऱ्या मताने तो धूर्त मालक ठरतो, ज्याने चर्च, नाट्यगृह आणि शाळा देऊन कामगारांना संघटनेपासून आणि समाजवादापासून दूर ठेवले. मला दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण दोन्हींनी एक गोष्ट न तपासताच मान्य केली आहे: खर्च झालेला पैसा सर्वस्वी क्रुपचा होता, आणि तो कशावर खर्च करायचा हे ठरवण्याचा अधिकारही आपोआप त्याचाच होता. प्रश्न दानतीचा नाही. गावाचे देणे ठरवायचे कोणी, हा आहे. त्यासाठी हा पैसा कसा जमला याच्या मुळाशी जावे लागते, आणि ते मूळ बेर्नडॉर्फच्या बरेच बाहेर आहे.

विजेच्या आधी मुलामा देण्याची रीत पाऱ्याची होती. सोने पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो पितळेच्या किंवा ब्राँझच्या वस्तूवर चोळायचा आणि वस्तू कोळशाच्या धगीवर धरायची. पारा वाफ होऊन जाई, सोने मागे राही. वाफ मात्र कारागिराच्या छातीत जाई. हातपाय थरथरणे, हिरड्या सुजणे, दात पडणे, बोलताना अडखळणे हे त्या धंद्याचे नेहमीचे भोग होते. पॅरिसचा ब्राँझकार आंत्वान-आंद्रे राव्रियो याची संपत्ती याच कारागिरांच्या श्रमावर उभी होती. 1814 मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा त्याने मुलामेकऱ्यांना पाऱ्यापासून वाचवणारी पद्धत शोधणाऱ्यासाठी 3000 फ्रँकचे बक्षीस ठेवले होते. ते रसायनतज्ज्ञ दार्से याला मिळाले. भट्टीवरील वाफ धुराड्याच्या ओढीने वर खेचून नेणारी त्याची रचना होती. राव्रियोची ही देणगी लक्षात ठेवावी असे मला वाटते, कारण ती कारागिराचे आयुष्य जेथे झिजत होते नेमकी तेथे जाऊन पोचली.

पारा पुरता हटवला तो विजेने. 1800 मध्ये व्होल्टाने विद्युत्‌घट तयार केला. पाच वर्षांनी पाव्हियाच्या ब्रुन्यातेल्ली याने त्याच्या साहाय्याने चांदीच्या पदकांवर सोने चढवून दाखवले, पण त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. 1830 च्या दशकात फॅरेडेने सिद्ध केले की द्रावणातून जितकी वीज जाते तितक्याच प्रमाणात धातू साचतो, आणि एका शास्त्रीय नियमाने कारागिराच्या अंदाजाची जागा हिशोबाला दिली. 1838 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या याकोबीने तांब्याच्या हुबेहूब प्रतिकृती करण्याची पद्धत जाहीर केली. बर्मिंगहॅमचा शल्यवैद्य जॉन राइट याने स्वीडिश रसायनतज्ज्ञ शेले याच्या जुन्या लिखाणातून सोने-चांदी सायनाइडच्या द्रावणात विरघळते हे टिपले आणि नेमके तेच द्रावण मुलाम्यासाठी वापरून पाहिले. चांदीचा थर घट्ट, सलग आणि टिकाऊ बसण्याचे कोडे येथे सुटले. बर्मिंगहॅमचेच कारखानदार एल्किंग्टन चुलतभाऊ यांनी 1840 मध्ये त्याचे पेटंट घेतले. पॅरिसमध्ये क्रिस्टोफ्ल या कारखानदाराने 1842 मध्ये ते हक्क मिळवले. पाऱ्याशिवाय मुलामा शक्य केल्याबद्दल फ्रेंच विज्ञान अकादमीने त्याच सुमारास द ला रीव्ह, एल्किंग्टन आणि रुओल्झ यांचा गौरव केला, आणि तो घातक धंदे निरुपद्रवी करणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या बक्षिसांतून केला, हे विशेष.

ही नावे एका ओळीत मांडण्याचे कारण असे की यांतील बहुतेक ज्ञान विद्यापीठांत, अकादम्यांत आणि छापील नियतकालिकांत सर्वांसाठी खुले होते. कारखानदाराने ते आयते उचलले. यात चूक काही नाही, पण आयते मिळालेले भांडवल हिशोबात धरले नाही तर हिशोबच खोटा होतो.

आता बेर्नडॉर्फ. पुढे पोलाद आणि तोफांसाठी गाजलेल्या, जर्मनीतील एसेनच्या क्रुप कुटुंबाची परिस्थिती त्या काळी आजच्या नावाच्या वजनाला शोभेल अशी मुळीच नव्हती. 1826 मध्ये वडील फ्रीडरिख वारले तेव्हा मागे एक लहानशी, कर्जात रुतलेली पोलादाची ओतशाळा होती. चौदा वर्षांच्या आल्फ्रेडने ती हाती घेतली. 1814 मध्ये जन्मलेला हर्मान हा त्याचा धाकटा भाऊ. नाणी आणि सोनारकामाची पत्री लाटणारे पोलादी रूळ हा त्यांचा माल होता. याच भावांच्या कारखान्यात एक युक्ती निघाली: रुळांवरच चमच्याचा आणि काट्याचा आकार कोरायचा आणि धातूची पट्टी त्यांतून काढली की एका फिरकीत नक्षीसकट घडण व्हायची. या चमचा-लाटयंत्राचे इंग्लंडमधील हक्क आल्फ्रेडने एल्किंग्टन यांनाच विकले. एकीकडे चांदी चढवण्याची नवी रीत आणि दुसरीकडे चढवण्याजोगा चमचा स्वस्तात घडवण्याची नवी रीत, दोन्ही एकाच दशकात एकमेकींना भेटल्या.

ऑस्ट्रियात हे लाटयंत्र चालवायला पैसा हवा होता. तो अलेक्झांडर शोलर याने घातला. शोलरही मूळचा ऱ्हाइनकाठचा, ड्यूरेनच्या कापड-कारखानदार घराण्यातला, 1833 पासून व्हिएन्नात स्वतःची पेढी चालवणारा. 1843 मध्ये क्रुप आणि शोलर यांच्या भागीदारीत बेर्नडॉर्फचा धातुमालाचा कारखाना सुरू झाला. एसेनची सूत्रे आल्फ्रेडकडे आणि बेर्नडॉर्फची हर्मानकडे अशी घरची वाटणी 1848 मध्ये पक्की झाली. त्या क्रांतीच्या वर्षी आल्फ्रेडने मजुरी भागवण्यासाठी घरातील चांदीची भांडी वितळवली अशी हकीकत क्रुपच्या इतिहासात मोठ्या अभिमानाने सांगतात. ती कितपत खरी असेल ते असो. ज्याच्या भावाचा धंदा चांदीच्या भांड्यांची नक्कल विकण्याचा, त्याने खऱ्या चांदीचे असे करावे, यातला विनोद सांगणाऱ्यांच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

हर्मान 1879 मध्ये वारला. त्याने छत्तीस वर्षांत जे केले ते धाडस आणि चिकाटी यांशिवाय होणारे नव्हते. तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, ज्याला आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात आणि ज्याला बेर्नडॉर्फने अल्पाका या नावाने बाजारात नेले, तो एकसारखा ओतणे सोपे नसते. निकेल जरा कमी पडले की धातू पिवळट दिसतो, जास्त झाले की लाटताना चिरतो. माल नेटका ठेवणे, बाजार मिळवणे, मंदीत तग धरणे हे सगळे श्रेय निःसंशय त्याचे. उद्योजकाचे कर्तृत्व नाकारून त्याच्यावर टीका करणारे लेख मला नेहमी लंगडे वाटतात.

तरीही फायदा नेमका कोठून येतो हे एका चमच्यापाशी थांबून पाहिले पाहिजे. लाटून, कातरून, वाकवून तयार झालेला चमचा आधी क्षाराच्या उकळत्या पाण्यात धुऊन तेलकटपणा घालवायचा, मग आम्लात बुडवून पृष्ठभाग उघडा करायचा, मग पाऱ्याच्या क्षाराच्या सौम्य द्रावणात क्षणभर घालायचा म्हणजे चांदी नीट धरते. (पारा गेला म्हणतात, तो असा मागल्या दाराने थोडासा राहिलाच.) त्यानंतर चांदीच्या सायनाइडच्या हौदात तारेला टांगायचा. समोर शुद्ध चांदीचे पत्रे लटकलेले असतात. वीज सुरू झाली की पत्र्याची चांदी द्रावणात उतरते आणि द्रावणाची चांदी चमच्यावर बसते. बाहेर काढलेला चमचा दुधाळ, निस्तेज पांढरा असतो. त्याला ओप द्यायचा तो साबणाच्या पाण्यात भिजवून, अकीक किंवा पोलाद यांच्या गुळगुळीत हत्याराने घासून घासून. हे घासण्याचे काम युरोपभर बहुतेक बायका करीत, आणि बशीशेजारी मांडलेल्या चमच्याची जी चमक पाहून गिऱ्हाईक पैसे मोजी, ती त्यांच्या मनगटाची होती.

मध्य युरोपात बनलेल्या मुलाम्याच्या चमच्यांच्या देठामागे पुष्कळदा 90 हा आकडा उठवलेला असतो. त्याचा अर्थ असा की बारा मोठे चमचे आणि बारा काटे मिळून 90 ग्रॅम चांदी चढवली आहे. म्हणजे एका नगावर पावणेचार ग्रॅम, साधारण छत्तीस सहस्रांश मिलिमीटर जाडीचा थर. फॅरेडेच्या नियमाने एक अँपिअर वीज एक तास वाहिली की चार ग्रॅमांहून किंचित जास्त चांदी साचते. अशा हिशोबाने चोवीस नगांच्या संचाला साडेबावीस अँपिअर-तासांपेक्षा थोडी कमीच वीज लागते. भरीव चांदीच्या तेवढ्याच संचाला चांदी कितीतरी पट लागली असती. हा जो फरक आहे, त्यातून मध्यमवर्गाच्या जेवणाच्या मेजावर पहिल्यांदा चांदीची कांती आली आणि त्यातूनच बेर्नडॉर्फचा नफाही आला. मुलामा म्हणजे फसवणूक, असे मी मानत नाही. आकडा उठवून विकलेला थर फसवणूक कसा ठरेल? पण या फरकाची फोड केली तर त्यात काही वाटा फॅरेडेचा, काही राइटचा, काही हर्मानच्या हुशारीचा, काही शोलरच्या जोखमीचा आणि बराचसा त्या हौदावर वाकलेल्या माणसांचा निघतो. पेटंट तर सरळसरळ राज्याने दिलेला मक्ता असतो. विशिष्ट मुदतीपर्यंत इतरांनी हे करू नये असे राज्य सांगते, आणि त्या बंदीचे मोल धंद्याच्या खात्यात जमा होते.

ही पार्श्वभूमी घेऊन पुन्हा आर्थरकडे येऊ. हर्माननंतर कारखाना या त्याच्या मुलाकडे आला. पुढे शोलर घराण्याचा हिस्सा विकत घेऊन तो एकटाच मालक झाला. कामगारांसाठी घरे बांधली. फेल्नर आणि हेल्मर या, साम्राज्यभर नाट्यगृहे बांधणाऱ्या वास्तुविशारदांच्या जोडीकडून त्याने बेर्नडॉर्फचे नाट्यगृह करवून घेतले. 1899 मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफ त्याच्या उद्घाटनाला आला. दुसऱ्याच वर्षी बेर्नडॉर्फला शहराचा दर्जा मिळाला. लुडविग बाउमान याच्या आराखड्यानुसार शाळा झाल्या, आणि दोहोंच्या मध्ये संत मार्गारेटचे चर्च उभे राहून 1917 मध्ये, ऐन महायुद्धात, पूर्ण झाले. आर्थरच्या पत्नीचे नाव मार्गरेट होते. हा योगायोग होता की नाही, हे वाचकाने स्वतःच ठरवावे.

वर्ग खरोखर सुंदर आहेत. शैलींचा इतिहास पुस्तकात न वाचता भिंतींत राहून शिकावा, ही कल्पना शिक्षणाच्या दृष्टीने आजही ताजी आहे. त्यामागे व्यवहारही होताच: ज्या कारखान्यात रोकोको नक्षीचे आणि एम्पायर पद्धतीचे काटे-चमचे निघतात, तेथे उद्या कामाला येणाऱ्या पोरांचा डोळा आधीच तयार झालेला बरा. म्हणून दानत खोटी ठरत नाही. माणूस एकाच कामात दोन हेतू सहज बाळगतो.

अडचण निवडीची आहे. 1907 मध्ये ऑस्ट्रियातील सर्व प्रौढ पुरुषांना संसदेसाठी मताधिकार मिळाला. परंतु स्थानिक पालिकेत मात्र मतदार करभरणीनुसार गटांत विभागलेले होते. जास्त कर भरणाऱ्यांच्या लहान गटाला मोठ्या गटाइतकेच प्रतिनिधी मिळत, आणि ही रचना साम्राज्य कोसळेपर्यंत टिकली. म्हणजे इजिप्तच्या खांबांखाली बसणाऱ्या मुलाचा बाप साम्राज्याच्या परराष्ट्र धोरणावर बोलणारा खासदार निवडू शकत होता, पण आपल्या गावात शाळा हवी की दवाखाना, खांब हवेत की मोठ्या खिडक्या, यावर त्याचा शब्द मालकाच्या शब्दाच्या पासंगालाही पुरला नसता. कामगार बायकांना तर 1918 पर्यंत कोठेच मत नव्हते. ओप देणाऱ्या हातांनी सुचवले असते तर त्यांनी काय मागितले असते, हे विचारायची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती. राव्रियोने निदान धंद्याच्या दुखण्यावर बोट ठेवले होते.

याउलट कामगाराच्या रोजच्या आयुष्यात ज्यांनी फरक पाडला त्या गोष्टी कायद्याने आल्या. 1869 च्या शाळा कायद्याने आठ वर्षांचे शिक्षण सक्तीचे केले. तो नसता तर सजवलेल्या वर्गांत बसायला मुलेच नसती, ती हौदावर असती. 1885 मध्ये कारखान्यातील दिवस अकरा तासांवर आणला गेला आणि चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात मनाई झाली. 1887 आणि 1888 मध्ये अपघात-विमा आणि आजार-विमा आले. प्रजासत्ताकाने आठ तासांचा दिवस आणि 1919 मध्ये कामगारांच्या कारखाना-समित्या दिल्या. या कोणत्याही गोष्टीच्या उद्घाटनाला सम्राट आला नव्हता.

येथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. कराच्या पैशातून आणि पालिकेच्या ठरावातून असे बारा वर्ग कधी झाले असते का? समितीने चार भिंती आणि चुना लावला असता. सौंदर्यासाठी कोणा एकाचा हट्ट लागतो, आणि हट्टाला पैशाची जोड असेल तरच असे काही उभे राहते. हे मान्य आहे. पण या आक्षेपातून फार तर एवढेच निघते की हट्टी माणसांना सार्वजनिक कामात जागा असावी. त्यांना सभेत उभे राहून आपली कल्पना पटवून द्यावी लागू नये, असे निघत नाही. त्याच काळानंतर अवघ्या दीड दशकात व्हिएन्नाच्या निवडून आलेल्या पालिकेने घरबांधणी कर बसवून हजारो कामगारांची घरे बांधली आणि त्यांच्या अंगणांत बालवाड्या, ग्रंथालये, शिल्पे ठेवली. समिती म्हणजे चुना, हे समीकरण ऑस्ट्रियातच खोटे पडले आहे.

दुसरा मुद्दा टिकाऊपणाचा. घराण्याच्या औदार्यावर उभे राहिलेले गाव घराण्याच्या नशिबाला बांधलेले असते. महायुद्धात बेर्नडॉर्फने काडतुसांच्या पुंगळ्या केल्या. युद्धानंतर साम्राज्याचे तुकडे झाले, जुना बाजार जकातींच्या भिंतींआड गेला, कारखाना कर्जात गेला आणि त्याची सूत्रे क्रेडिटआन्स्टाल्ट बँकेकडे गेली. 1938 मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेला, त्याच वर्षी आर्थर वारला, आणि कारखाना एसेनच्या क्रुप कंपनीने घेतला. पुढे तो राष्ट्रीयीकृत झाला, रान्सहोफेनच्या ॲल्युमिनियम उद्योगाशी जोडला गेला आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा खासगी झाला. या सगळ्या उलथापालथीत वर्ग टिकले, ते मालक टिकला म्हणून नव्हे, तर शाळा सार्वजनिक होती म्हणून. कायदेही पोलादाचे नसतात, हे तितकेच खरे. 1919 च्या कारखाना-समित्या 1934 च्या हुकूमशाहीने मोडून टाकल्या. पण मोडलेला कायदा परत मागता येतो, आणि 1945 नंतर ऑस्ट्रियात तो मागितला गेला. आटलेली दानत कोणाकडे मागणार?

आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. कायद्याने रक्कम सक्तीची झाली, मात्र निवड कंपनीच्या संचालक मंडळाकडेच राहिली. बेर्नडॉर्फच्या संदर्भात पाहिले तर ही व्यवस्था आर्थर क्रुपला फारशी जाचली नसती. रकमेचा आकडा वाढवण्याच्या मागणीपेक्षा मला निवडीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: ज्या तालुक्यात कारखाना आहे तेथील ग्रामसभेला किंवा नगरपालिकेला या खर्चाचा निदान अर्धा भाग ठरवण्याचा अधिकार हवा, आणि कारखान्याच्या हौदांतील विषारी द्रावणाचे, कामगारांच्या फुफ्फुसांचे आणि सांडपाण्याचे काम पूर्ण झाल्याखेरीज शोभेची इमारत या खात्यात धरू नये. कारखानदाराला त्यापुढे नाट्यगृह बांधायचे असेल तर त्याने ते स्वतःच्या उरलेल्या पैशातून खुशाल बांधावे, आणि त्यावर आपले नाव कोरावे.